सुभद्रे, ती फेरी पुरी झाली नव्हती

सोमवारी सांजीले आपण अंगणात बाज आवळली. पायथ्याची सुतळी ढिली पडली होती, निजलं की मधात खड्डा. मी एकेक पेड ओढत होतो अन् तू ओढलेला पेड अंगठ्यानं दाबून धरत होती. चौथ्या का पाचव्या पेडाले मी शेजारच्यांच्या नव्या रेडिओची गोठ काढली, हात थांबला, अन् धरलेली सुतळी सुटून मागं गेली. तू म्हटलं, "बोलाचं असंल तं बोला, ओढाचं असंल तं ओढा. तुमाले दोन्ही संग कधी जमलं हाय?"

मी हसलो. तू नाही हसली. नवा पेड धरता धरता, माह्याकडे न पाहता तू विचारलं, "त्या दिवशी मी वरतून हाक मारली नसती, तं कौतिकाचा हात वाचला असता काय हो?"

दहा वर्षांत हे तू मले किती वेळा विचारलं असंल. मी दर वेळी म्हणतो तेच म्हटलं, "सोड नं ते." तू म्हटलं, "ओढा मंग." बाज आवळून झाली. मंगळवारी दुपारी, छाती भरून आली म्हणून तू तिच्यावर आडवी झाली, ते मंग उठलीच नाही.

विहारातले मास्तर येऊन गेले. बाईंवर दोन शब्द लिहून द्या म्हणे, सभेत वाचतो. जन्म कुठला, लग्न कोणत्या साली, लेकरं किती. ते मी त्याईले तोंडानं सांगून देलं. लिहाचं आहे ते दुसरंच. दुसरी पास माणसाचं लिहिणं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. अन् तू तर आयुष्यभर सांभाळूनच घेतलं, तुले काय सांगू.

तू वर रेच्यावर होती, सरकी काढाच्या यंत्रावर, अन् मी जमिनीखालच्या बोळीत. पंधरा हंगाम आपण एकाच जिनात काम केलं, पण खालचं तू धड कधी पाह्यलं नाही. बायांले खाली उतरू देत नव्हते. म्हणून आधी ते सांगतो.

वर तुम्ही बाया रेच्यांले कापूस चारत होत्या, रूई एकीकडे, सरकी एकीकडे. ते सारे रेचे चालत एका लांब दांड्यावर. तो दांडा खाली बोळीत फिरे, इंजिन त्याले फिरवे, अन् दांड्यावरून एकेक पट्टा छतातल्या भोकातून वर एकेका रेच्याले जाय. दांडा टेकला होता बावीस बेरिंगांवर. माह्यं काम त्या बावीस बेरिंगांचं. एकापासून सुरू कराचं. हात लावून पाहाचं किती तापलं, तेल सोडाचं, आजूबाजूची रूईची भुकटी झाडाची, पुढं जाचं. बावीस झाले की बोळीच्या तोंडाशी येऊन इंजिनखान्याची घंटी वाजवाची, की पुन्हा एक.

घंटीचा नियम रहीम मिस्त्रीचा होता. तो म्हणे, "गणपत, बेरिंगात तेल आधा घंटा टिकतं. आध्या घंट्यात तुह्या घंटीचा आवाज आला नाही तं मी इंजिन बंद करतो. मंग मालक येवो की मालकाचा बाप." तो वर बसून घड्याळ पाहे. मी खाली काय करून राहिलो हे त्याले दिसत नव्हतं. घंटी आली म्हणजे सारं बरं, एवढंच त्याले कळे.

न थांबता चाललो तं माह्यी फेरी वीस-बावीस मिनिटांत होत होती. वेळ उरत होता. पण फेरीत मले कोणी ना कोणी थांबवे. काट्यावरचा कापूस तोलणारा माणूस विचारे, दोन नंबरची ओळ चालू आहे काय. गाड्या खाली करणारे विचारत, अजून किती वेळ. कारकून येऊन विचारे, आवाज कशाचा येतो. जबाब दोन शब्दांचा. पण थांबाचं, हात पुसाचा, त्याचं ऐकून घ्याचं, सांगाचं, अन् मंग आपण कितव्यावर होतो ते आठवाचं. मी एकदा मनात मोजून पाह्यलं होतं. एका विचारण्याले दोन बेरिंगं जात. चौघांनी विचारलं की आठ. अन् ती आठच मागं पडत नव्हती. त्याच्या पुढची सारी मागं पडत, अन् मी तेराव्यावर हात ठेवला तेव्हा पहिलं कसं आहे हे मले माहीत असे ते मघाचं. मी सांगत होतो, "पहिलं थंड हाय," पण ते थंड होतं तेव्हाचं.

अन् याच्यात वाईट गोठ अशी की ढिल्या दिवशी कोणी विचारत नव्हतं. कापसाच्या गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली की सारे रेचे चालू, दांड्यावर जोर, बेरिंगं चढलेली, अन् विचारणारेही तेव्हाच. जेव्हा मले सवड नाही तेव्हाच साऱ्यांले माह्यं काम.

हे मी तुले चुलीपाशी बसून सांगतलं होतं. तू भाकर थापत होती. लहान्यानं मधात काही विचारलं तं तू त्याच्याकडे पाह्यलंही नाही. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटवली, मंग म्हटलं, "हं, बोल आता." अन् मले म्हटलं, "पाह्यलं? असं करा. भाकर उलटल्याबिगर बोलाचं नाही. अन् एका फेरीले एकालेच जबाब. बाकीचे थांबतीन पुढच्या फेरीले, मरत नाहीत."

मी म्हटलं, "ते ऐकतीन काय?"

"मंग तुमाले विचारूच नये असं करा. पोराची जुनी पाटी हाय नं? टांगा बोळीच्या तोंडाशी. बावीस घरं पाडा. थंड असंल तं गोल, तापलं असंल तं आडवी रेघ. फेरी झाली की एकदाच लिहा. ज्याले पाहाचं त्यानं पाटी पाहावी."

तुले अक्षर येत नव्हतं, अन् जिनातल्या शिकलेल्यांले जे सुचलं नाही ते तुले सुचलं. तो एक हंगाम आपल्या घरातला चांगला हंगाम होता. पाटी पाहून काट्यावरचा माणूस जाय, कारकून जाय. मले कोणी थांबवत नव्हतं. मी घंटी वेळेच्या आधी वाजवत होतो, अन् रहीम मिस्त्री वरतून ओरडे, "अरे, उडून राहिला काय?" त्याले पाटी कोणाची अक्कल हे कळलं तं म्हणे, "तुह्यी बायको बोळीत पाह्यजे होती अन् तुले लुगडं नेसवून रेच्यावर." तुले सांगतलं तं तू दोन दिवस हसत होती. त्या हसण्याबद्दल मी तुले कधी काही म्हटलं नाही. चांगलं वाटलं होतं मले. आता लिहून राहिलो.

मंग पुढच्या हंगामाले ऑफिसातून बोळीच्या तोंडापर्यंत टेलिफोन ओढला. ऑफिसातून पाटी दिसत नव्हती नं. कारकून खुर्चीवरून उठत नव्हता. टेलिफोनची घंटी वाजली की मी असंल तिथून मागं यायचं, कानाले लावाचं, अन् पाटीवर लिहिलेलंच वाचून दाखवाचं. मालकाले कळवाचं हाय, व्यापारी बसले हायत, बंबईचा माणूस आला हाय. दर फेरीले एकदा, मंग दोनदा.

याच्यावर आपलं भांडण झालं ते कधी मिटलं नाही. तू म्हटलं, "वाजू द्या."

मी म्हटलं, "नोकरी जाईन."

"जाऊ द्या. माह्यी हाय नं."

"बायकोच्या नोकरीवर बसू काय घरी?"

"घरी बसा नाही तं बोळीत बसा, पण त्या डब्बीच्या मांगं पळू नका."

नोकरीचं मी तुले सांगतलं, ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. खरं हे की मले तो टेलिफोन आवडत होता. ज्या ऑफिसच्या पायरीखाली माह्या बापाले वहाणा हातात घेऊन उभं राहावं लागे, ज्याले तिथं कोणी नावानं हाक मारली नाही, तिथून मले आवाज येत होता, "गणपत, सांग." आपण नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलो त्याले वर्षच झालं होतं. मले वाटे, पाहा, आता माह्यावाचून त्याईचं अडतं. माह्या बेरिंगांचं त्याईले काही नव्हतं, मी पाटी वाचून दाखवणारा तोंडाचा माणूस होतो. हे मले तेव्हा कळत नव्हतं. तुले कळत होतं, पण तू ते माह्या तोंडावर म्हटलं नाही. त्याचे उपकार मानू की राग करू, हे मले आजही समजत नाही.

आता त्या दिवसाचं.

गाड्या लय आल्या होत्या. साऱ्या ओळी चालू. त्या महिन्यात माह्यी घंटी उशिरा झाली म्हणून रहीम मिस्त्रीनं दोनदा इंजिन थांबवलं होतं, अन् कारकून दोघांलेही म्हणून गेला होता की तिसऱ्यांदा थांबलं तं दोघं घरी. त्या फेरीले टेलिफोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मी अठरा बेरिंगं करून होतो. बोळीच्या त्या टोकाहून या टोकाले आलो, सांगतलं, अन् ठेवला तं अर्धा तास होत आला होता. चार राह्यली होती. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. तिथपर्यंत जाऊन करून येतो तं मिस्त्री इंजिन बंद करतो.

मी घंटी वाजवली.

चार केली नव्हती तरी वाजवली. पाटीवर त्या चार घरांत गोल काढले. मनात म्हटलं, पुढच्या फेरीत होतीनच. तरी अक्कल पाहा सुभद्रे, पुढची फेरी मी त्या चारांपासून सुरू नाही केली. एकापासून केली. रोजची वाट होती ती, हात तिकडेच गेले. अन् त्या फेरीतही टेलिफोन वाजला. अकराव्यावर होतो तेव्हा वरतून भोकाशी तोंड लावून तू हाक मारली, "अहो, शांतीची चिठ्ठी आली काय?" आपली शांती बडनेऱ्याले, तिचे दिवस भरले होते. मी वर तोंड करून सांगतलं, आली, बरी हाय, तिच्या सासूनं लिहिलं. तेवढंच. दोन बेरिंगांचा वेळ. मंग मले वास आला.

एकविसावं लाल झालं होतं. भुकटीनं पेट घेतला अन् जाळ पट्ट्यासंग भोकातून वर गेला. वर कौतिकाचा रेचा होता. तुह्या शेजारची कौतिका, जिच्यासंग तू डबा खात होती. तिचा उजवा हात अन् मान.

ती तीन महिने दवाखान्यात होती. हात कोपरात आखडला तो पुन्हा उघडला नाही. चौकशीले साहेब आला. रहीम मिस्त्रीनं सांगतलं, घंटी वेळेवर आली होती, फेरी बरोबर होती. तो खरंच बोलला, त्याले जेवढं माहीत होतं तेवढं. मंग कापसात गोटा आला असंल, त्याची ठिणगी पडली असंल, असं ठरलं. साऱ्यांनी ते मानलं. कौतिकानंही.

तू नाही मानलं. त्या सांजीले चुलीमागं बसून म्हटलं, "म्या तुमाले थांबवलं. दोन मिनिटं म्या खाल्ली." माह्या तोंडात घास होता. मले वाटलं घास गिळून सांगतो. घास गिळला तोवर तू उठून भांडी घासाले गेली होती, अन् मंग ते सांगणं दहा वर्षं राह्यलं. तुह्या दोन मिनिटांच्या आधी माह्यी पुरी एक फेरी खोटी होती. बेरिंग तुह्या बोलण्यानं तापलं नाही. ते माह्या घंटीनं तापलं.

कौतिका बार्शीटाकळीले भावाकडं राहायले गेली, अन् तू दर ऐतवारी जायले लागली. सकाळच्या गाडीनं जाय, तिचं पाणी भरे, डोकं धुऊन देय, वेणी घालून देय, सांजीले परत. ऐतवार चुकला नाही. ताप होता तरी गेली. थोरल्या सुनेले पोरगा झाला त्या ऐतवारीही गेली. मी म्हणत होतो, "एखादं वेळी राहू दे." तू म्हणे, "मले जा लागते." अन् मधात मधात म्हणे, "मी तिले सांगून टाकू काय, म्या तुमाले थांबवलं म्हणून?" मी म्हणत होतो, "कशाले जखम उकरतं तिची?" तुले वाटे मी तिच्यासाठी म्हणतो. ती तुह्यावर रागावली असती तं मले काही नव्हतं. पण तिनं विचारलं असतं, दोन मिनिटांत बेरिंग लाल होतं काय. कौतिका हुशार आहे. मले त्याचं भेव होतं.

आपण सांजीले शीलं म्हणत होतो. चौथं खोटं न बोलण्याचं. त्याच्यापाशी मले खोकला येई. तू वाटी भरून पाणी देत होती, पाठीवरून हात फिरवत होती, अन् मी पिऊन पाचवं म्हणत होतो. कधीच चौथं पुरं म्हटलं नाही मी. तुले वाटे बोळीतली भुकटी छातीत गेली आहे. डॉक्टरले दाखवा म्हणून मागं लागली होती.

दीक्षेच्या पहिले असतं तं देवापाशी जाऊन डोकं टेकवलं असतं. आता कोणापाशी टेकवू. ज्याचं केलं त्यालेच सांगाचं, दुसरी वाट नाही. अन् ज्याले सांगाचं ती तू, तिले मी बाज आवळता आवळता म्हटलं, सोड नं ते. तुह्या हातात सुतळी होती. तू कुठं जाणार नव्हती. दोघांशिवाय अंगणात कोणी नव्हतं. याच्याहून मोकळा वेळ माणसाले कधी मिळतो?

मले एका जागी बसवत नाही. पोरं म्हणतात बाबा बसा, सूना म्हणतात बाबा खा. बसतो अन् उठतो. तुह्यावर राग येतो, की एकदा तरी जोर करून का नाही विचारलं. दहा वर्षं हळूहळू विचारत राह्यली. एकदा माह्यी गचांडी धरून विचारलं असतं तं मी सांगतलं असतं. मंग वाटते, नसतं सांगतलं. दुसरं काही सांगतलं असतं.

तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तुह्यी राख सावडाले गेले. मी त्याईच्यासंग गेलो नाही. पायांत वहाणा घातल्या अन् बार्शीटाकळीची गाडी पकडली. कौतिका दारात बसून डाव्या हातानं तूर निवडत होती. मले पाहून तिनं माह्या मागं पाह्यलं, तू आहे काय म्हणून.

"आज तं बुधवार हाय," म्हणे. "अन् ती कुठं हाय?"

मी म्हटलं, "कौतिकाबाई, सुभद्रा गेली. काल दुपारी."

तिच्या मांडीवरचं सूप खाली सरकलं. मी तिले रडूही देलं नाही. एकदा थांबलो असतो तं माह्या तोंडातून पुन्हा निघालं नसतं. उभ्या उभ्या सारं सांगतलं. टेलिफोन, चार बेरिंगं, घंटी, पाटीवरचे गोल. तुह्यी हाक. तू स्वतःले दोष देत होती ते. मी तुले तोंड उघडू देलं नाही ते.

ती ऐकत राह्यली. तिनं माह्याकडे पाह्यलं ते घंटी म्हटलं तेव्हा, अन् मंग खाली मान घातली. मले वाटलं आता ती मले शिव्या देईन. देल्या असत्या तं बरं झालं असतं.

मान वर न करता म्हणे, "मंग ती त्याच्यासाठी येत होती काय इथं?"

मी म्हटलं, "हो. तिले वाटे तिच्यामुळं झालं."

"मले वाटे तिले मी आवडते म्हणून येते."

सुभद्रे, हे मले सुचलंच नव्हतं. मी माह्या छातीवरचं उतरवाले गेलो होतो. मी म्हटलं, "तेही होतं. तेही होतंच."

"तुमाले काय माहीत? तुमी कधी आले होते?"

मी म्हटलं, "नाही आलो. ती काय बोले इथं? सांग नं मले."

तिनं डाव्या हातानं सूप वर घेतलं. सांडलेली तूर एकेक दाणा वेचून त्यात टाकली. वेचून झाल्यावर म्हणे, "नाही सांगत. तुमी आता जा, गणपतभाऊ. तुमाले जे सांगाचं होतं ते तुमी सांगतलं. ते ऐतवार माह्ये हायत. ते मी तुमाले नाही देत."

अन् ती आत गेली. आतून मले तिचं रडणं ऐकू आलं. मी तिथंच दारात उभा राह्यलो, ते थांबेपर्यंत.